कर्ककोशिकांचा प्रारण-प्रतिसाद

कर्ककोशिकांचा प्रारण-प्रतिसाद : आयनीकारक प्रारणाचा (अणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर काढून विद्युत् भारित अणू निर्माण करणाऱ्या तरंगरूपी वा कणरूपी ऊर्जेचा) आघात झाल्यावर कर्करोगाच्या कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) क्रमाने घडून येणाऱ्या भौतिक, रासायनिक व जैव बदलांना एकत्रितपणे ही संज्ञा लावतात. क्ष-किरण, गॅमा किरण, वेगवान इलेक्ट्रॉन, प्रोटॉन व जड आयन ही अशा प्रारणाची उदाहरणे होत.

प्रारण कर्ककोशिकांना ‘जाळून’ टाकते, असा सर्वसाधारण समज आहे. पण तो बरोबर नाही. शोषित प्रारणाची मात्रा ग्रे या एककात मोजतात (१ ग्रे = दर किग्रॅ. ऊतकात शोषली गेलेली १ जूल ऊर्जा = १०० रॅड). संपूर्ण शरीराला एकाच वेळी सु. ४ ग्रे मात्रा मिळाली व वैद्यकीय उपचार झाले नाहीत, तर सु. निम्म्या व्यक्ती मृत्यू पावतात. परंतु एवढ्या मात्रेने शरीराचे तापमान केवळ सु. ०·००१° से. इतकेच वाढते. याचा अर्थ असा की, हा परिणाम उष्णतेचा नाही. तो कोशिकेच्या केंद्रकातील डीएनए (आनुवंशिक माहिती साठविणारे न्यूक्लिइक अम्ल) या रेणूला होणाऱ्या इजेचा आणि त्याहूनही अधिक कोशिका त्या इजेला जो प्रतिसाद देते त्याचा असतो. निरोगी कोशिका व कर्ककोशिका यांच्या प्रतिसादांमधील फरक बहुधा अल्प असतो. प्रारण चिकित्सा (किरणोपचार) या अल्प फरकावरच मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

इतिहास : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा व मारी आणि प्येअर क्यूरी यांनी १८९८ मध्ये रेडियमाचा शोध लावल्यानंतर काही वर्षांतच दोहोंचा उपयोग कर्करोगावर होऊ लागला. मात्र आरंभीच्या वैद्यांना व तंत्रज्ञांना या किरणांचे धोके ठाऊक नव्हते आणि त्यांच्यापैकी अनेकांना हातांच्या त्वचेचा कर्करोग झाला. १९०६ मध्ये जे. बेर्गोनिए व एल्. त्रिबाँदो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी असा नियम मांडला की, ज्या कोशिकांचे विभाजन जलद होते व ज्यांचे विभेदन (विशिष्ट कार्यासाठी होणारा विकास) अपुरे असते, त्या कोशिका प्रारणाला अधिक संवेदनशील असतात. या नियमाला अपवाद आहेत, उदा., लसीका कोशिका (पांढऱ्या कोशिकांचा एक प्रकार) क्वचितच विभागत असूनही अत्यंत संवेदनशील असतात.

१९२० नंतरच्या दशकात पॅरिस येथील क्लोद्यूस रगो यांनी मेंढ्याच्या वृषणावर प्रयोग केले. एकाच मोठ्या मात्रेने वृषणातील शुक्रजनक कोशिका पूर्णपणे नष्ट करावयाच्या झाल्यास वरील त्वचेला गंभीर इजा होई; परंतु तीच मात्रा अनेक दिवसांत विभागून दिल्यास शुक्रजनन थांबे व त्वचा बचावे. सतत विभागणारे वृषण-ऊतक कर्कार्बुदासारखे (कर्करोगाच्या गाठीसारखे) व त्वचा ही निरोगी ऊतकाची प्रतिनिधी मानून आंरी कुतार यांनी ही विभाजित मात्रेची पद्धती घशाच्या कर्करोगासाठी वापरली. आजच्या प्रारण चिकित्सेचा पाया या पद्धतीने घातला गेला. तिची कारणे मात्र त्यानंतर अनेक वर्षांनी उलगडली.

१९५६ मध्ये अमेरिकेतील टी. टी. पक व पी. आय. मार्कस यांनी मानवी कर्ककोशिकांची प्रारणानंतरची उत्तरजीविता (जिवंत राहण्याचे प्रमाण) प्रथमच मोजली. हेन्‍रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगापासून १९५१ मध्ये मिळविलेल्या ‘हेला’ कोशिका त्यांनी काचपात्रात सुट्या सुट्या वाढविल्या, त्यांवर क्ष-किरण सोडले आणि किती कोशिकांपासून वसाहती तयार होतात ते मोजले. अल्प मात्रेला उत्तरजीविता थोडीच घटते व मात्रा वाढल्यावर ती झपाट्याने घटत जाते, असे आढळले. आलेखाच्या आरंभीच्या या उतरत्या भागाला ‘खांदा’ म्हणतात. १९५९ मध्ये एम्. एम्. एल्काइंड व हॅरिएट सटन यांनी खांद्याचा अर्थ स्पष्ट केला. एक मात्रा दोन भागांत, मध्ये काही तासांचे अंतर ठेवून दिल्यास अधिक कोशिका जगतात. म्हणजे या अवधीत कोशिका आपली इजा दुरुस्त करतात.

डीएनएची इजा : प्रारणाची ऊर्जा डीएनए रेणूत थेट शोषली गेल्यास त्याला प्रत्यक्ष क्रिया म्हणतात. कोशिकेचा बहुतांश भाग पाण्याचा असल्याने ऊर्जा पुष्कळदा पाण्याच्या रेणूंत शोषली जाते व त्यांपासून हायड्रॉक्सिल हा अतिशय विक्रियाशील मुक्त मूलक तयार होतो. त्याचे आयुष्य सु. एक अब्जांश सेकंद असते व तेवढ्यात तो काही नॅनोमीटर अंतर जातो. तरीही जवळच्या डीएनएला इजा करण्यास ते पुरेसे असते. क्ष-किरणांनी होणाऱ्या इजेपैकी सु. दोन-तृतीयांश इजा या अप्रत्यक्ष क्रियेने होते.

१ ग्रे मात्रेने एका कोशिकेच्या डीएनएमध्ये सु. १,००० ठिकाणी दोहोंपैकी एक पेड तुटतो आणि सु. २० ते ४० ठिकाणी दोन्ही पेड समोरासमोर तुटतात. एकच पेड तुटला असता समोरचा शाबूत पेड नमुना म्हणून वापरून कोशिका ती तूट लवकर भरून काढते. दोन्ही पेड तुटल्यास असा नमुना जवळ उरत नाही. म्हणून संख्येने थोड्या असल्या, तरी दुपेडी तुटीच कोशिकेला घातक ठरतात.

या ठिकाणी ऑक्सिजनाला फार महत्त्व आहे. डीएनएवर निर्माण झालेल्या मूलकाशी ऑक्सिजनाचा संयोग झाला की, इजा पक्की होते. ऑक्सिजन नसल्यास ग्लुटाथायोनासारखी गंधकयुक्त संयुगे हायड्रोजन पुरवून तीच इजा भरून काढू शकतात. त्यामुळे ऑक्सिजनरहित कोशिका मारण्यास क्ष-किरणांची सु. २·५ ते ३ पट मात्रा लागते. एल्. एच्. ग्रे व त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये या बाबीचे चिकित्सेतील महत्त्व दाखवून दिले. १९५५ मध्ये आर्. एच्. टॉमलिन्सन व ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे सूक्ष्म छेद तपासले, तेव्हा रक्तवाहिन्यांपासून सु. ०·१५ ते ०·२ मिमी.पेक्षा दूर असलेल्या कोशिका मेलेल्या दिसल्या. जिवंत व मृत भागांच्या सीमेवरील कोशिकांना जगण्यापुरताच ऑक्सिजन मिळतो व याच कोशिका प्रारणाला दाद देत नाहीत.

इजेचा सुगावा व दुरुस्ती : तुटलेल्या डीएनएची जाणीव कोशिकेला काही मिनिटांतच होते. तुटलेली टोके ओळखणारी प्रथिने त्या जागी जमतात व एटीएम हे एंझाइम क्रियाशील करतात. एटीएम तुटीच्या आसपासच्या एच२एएक्स या हिस्टोन प्रथिनाला फॉस्फेट गट जोडते. १९९८ मध्ये ज्ञात झालेला हा बदल अनुदीप्त रंजकाने रंगविल्यास सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक तूट एका तेजस्वी ठिपक्यासारखी दिसते व तुटींची संख्या मोजता येते. एटीएमचे जीन १९९५ मध्ये ओळखण्यात आले. ज्या बालकांत हे जीन जन्मतःच सदोष असते, त्यांना तोल सांभाळता न येणे व डोळ्यांतील रक्तवाहिन्या विस्तारणे ही लक्षणे असलेला एक दुर्मिळ आनुवंशिक रोग होतो. अशा रुग्णांना प्रारण चिकित्सेची नेहमीची मात्राही प्राणघातक ठरू शकते. प्रारण तेच, मात्रा तीच. पण प्रतिसाद बिघडला की परिणाम पालटतो, हे यावरून दिसते.

दुपेडी तुटीची दुरुस्ती मुख्यत्वे दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात तुटलेली टोके सरळ एकमेकांस जोडली जातात. ही क्रिया जलद व कोशिकाचक्राच्या कोणत्याही अवस्थेत होणारी आहे. परंतु तीत चुका संभवतात. दुसऱ्या प्रकारात डीएनएची प्रत तयार झाल्यानंतर त्या प्रतीचा नमुना घेऊन तूट अचूकपणे भरली जाते. बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही प्रथिने या कामी आवश्यक असतात. डीएनए-दुरुस्तीच्या काही मूलभूत यंत्रणांच्या संशोधनाबद्दल टॉमास लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

थांबणे की मरणे : इजा झालेली कोशिका विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देते. हे थांबणे इजेचा निव्वळ परिणाम नसून कोशिकेची स्वतःची क्रिया असते, हे टी. ए. वाइनर्ट व एल्. एच्. हार्टवेल यांनी १९८८ मध्ये यीस्टवर दाखविले. रॅड-९ हे जीन सदोष असलेले यीस्ट क्ष-किरणांनंतर न थांबता विभागत राहते व मरते. तेच कृत्रिम रीत्या थांबविल्यास त्याची उत्तरजीविता वाढते.

मानवी कोशिकेत हा निर्णय घेण्यात पी-५३ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. एटीएममुळे पी-५३ स्थिर होऊन साठू लागते. ते एकीकडे पी-२१ या प्रथिनाद्वारे विभाजन थांबविते, तर दुसरीकडे इजा फार असल्यास कोशिकेला नियोजित मृत्यूकडे नेते. मानवी कर्करोगांपैकी सु. निम्म्यांमध्ये पी-५३ चे जीन उत्परिवर्तित (आनुवंशिक बदल झालेले) असते. गर्भाशय-ग्रीवेच्या बहुतेक कर्करोगांत ते शाबूत असूनही मानवी पॅपिलोमा व्हायरसाचे एक प्रथिन पी-५३ चा नाश घडविते. याचा परिणाम दुहेरी होतो. अशी कोशिका नियोजित मृत्यू टाळू शकते. पण वेळेवर न थांबल्याने तुटक्या गुणसूत्रांसह विभाजनातही शिरते.

लसीकार्बुदासारख्या (लसीका ऊतकाच्या कर्करोगासारख्या) काही कर्करोगांच्या कोशिका प्रारणानंतर काही तासांत नियोजित मृत्यूने मरतात. बहुतेक घन अर्बुदांत मात्र तुटक्या वा चुकीच्या जोडल्या गेलेल्या गुणसूत्रांमुळे पुढील विभाजनाच्या वेळी, कधी दोन-तीन विभाजनांनंतर, कोशिका मरते. काही कोशिका मरत नाहीत, परंतु विभागण्याची क्षमता कायमची गमावतात. म्हणून उपचार संपल्यावरही गाठ काही आठवडे तशीच दिसू शकते. त्यावरून उपचार निष्फळ ठरला, असा निष्कर्ष काढणे योग्य नसते.

मात्रा-विभाजनाचे गणित : १ ग्रॅम अर्बुदात सु. १ अब्ज कोशिका असतात, असे सामान्यतः मानतात. रोज २ ग्रे याप्रमाणे ३० मात्रा दिल्या व प्रत्येक मात्रेनंतर निम्म्या कोशिका उरल्या असे धरल्यास, सर्व मात्रा संपल्यावर सरासरीने एखादीच कोशिका उरेल. परंतु प्रत्येक मात्रेनंतर ५० ऐवजी ६० टक्के कोशिका उरत असतील, तर शेवटी सु. २२० कोशिका शिल्लक राहतील आणि त्यांतील एकही पुन्हा अर्बुद वाढविण्यास पुरेशी होऊ शकेल. एका दिवसाच्या मात्रेत नगण्य वाटणारा फरक तीस वेळा गुणला गेल्याने रोगमुक्ती व रोगाची पुनरावृत्ती यांतील फरक ठरतो. निरोगी ऊतकालाही हेच गणित लागू असून त्याच्या दुरुस्तीतील थोडे आधिक्य असेच गुणले जाते.

विभाजित मात्रांच्या परिणामाची चार कारणे एच्. आर्. विदर्स यांनी १९७५ मध्ये एकत्र मांडली. (१) दुरुस्ती : दोन मात्रांमधील काही तासांत कोशिका इजा भरून काढतात. मेरुरज्जू, मूत्रपिंड इ. सावकाश प्रतिसाद देणाऱ्या निरोगी ऊतकांना लहान मात्रांचा लाभ विशेष होतो. (२) चक्रातील पुनर्वाटणी : विभाजनाच्या वेळी व त्याच्या लगतपूर्वी कोशिका सर्वाधिक संवेदनशील, तर डीएनएची प्रत पूर्ण होत आलेली असताना सर्वाधिक प्रतिरोधी असतात. एका मात्रेतून वाचलेल्या प्रतिरोधी कोशिका पुढील मात्रेपर्यंत संवेदनशील अवस्थेत येऊ शकतात. (३) पुनर्ऑक्सिजनीकरण : रक्तवाहिन्यांजवळच्या कोशिका मरत गेल्या की, आतील उपाशी कोशिकांपर्यंत ऑक्सिजन पोहोचू लागतो. (४) पुनर्वृद्धी : वाचलेल्या कोशिका विभागून आपली संख्या भरून काढतात. निरोगी त्वचा व श्लेष्मकला (आतील पोकळ्यांचे बुळबुळीत अस्तर) यांच्या बाबतीत हे हिताचे, तर अर्बुदाच्या बाबतीत अहिताचे असते. कोशिकेची मूळची संवेदनशीलता हे पाचवे कारण यांत नंतर जोडण्यात आले.

यांपैकी पुनर्वृद्धीला व्यवहारात फार महत्त्व आहे. डोके व मान यांच्या कर्करोगांत उपचार सुरू झाल्यावर सु. चार आठवड्यांनी उरलेल्या कर्ककोशिकांची वाढ वेग घेते व त्यापुढील प्रत्येक दिवसाची भरपाई करण्यास सु. ०·६ ग्रे जादा मात्रा लागते, असा अंदाज विदर्स व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वर्तविला. मुखाचा व गर्भाशय-ग्रीवेचा कर्करोग यांचे प्रमाण भारतात मोठे आहे. प्रवासखर्च, मजुरी बुडणे, तोंड सोलवटून अन्न गिळता न येणे इ. कारणांनी रुग्ण मधले काही दिवस उपचाराला मुकला, तर तेवढ्या दिवसांचाच तोटा होतो असे नाही. त्या काळात अर्बुद वाढत असते. त्यामुळे ठरलेल्या मुदतीत उपचार पूर्ण होणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

सर्व कर्करोगांचा प्रतिसाद सारखा नसतो. स्तन व पुरस्थ ग्रंथी यांच्या कर्करोगांची दुरुस्तीक्षमता सावकाश प्रतिसाद देणाऱ्या ऊतकांसारखी असल्याचे आढळल्याने त्यांच्यासाठी थोड्या व मोठ्या मात्रा वापरतात, उदा., स्तनाच्या कर्करोगात १५ मात्रांत ४० ग्रे. रेत कोशिकांच्या पूर्वजांपासून होणारा वृषणाचा कर्करोग अल्प मात्रेलाही दाद देतो, तर मेंदूतील काही श्लेषार्बुदे (आधारकोशिकांचे कर्करोग) मोठ्या मात्रेनंतरही बहुधा पुन्हा वाढतात.

संबंधित ताण : कर्ककोशिकेला प्रारणाखेरीज ऑक्सिजन-न्यूनता, अम्लता, उष्णता, पोषणाचा अभाव अशा ताणांनाही तोंड द्यावे लागते आणि त्यांना मिळणारे प्रतिसाद प्रारण-प्रतिसादात मिसळतात. ऑक्सिजन कमी पडल्यास एचआयएफ-१ हे प्रथिन साठते व नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस आणि ऑक्सिजनाविना शर्करा वापरण्यास चालना देते. प्रारणानंतरही त्याची क्रियाशीलता वाढल्याचे आढळते. ऑक्सिजनाची जाणीव कोशिकेला कशी होते, या संशोधनाबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

उष्णतेच्या ताणात प्रथिनांची घडी विसकटते व ती सावरणारी उष्णताघात-प्रथिने निर्माण होतात. या प्रतिसादाची पहिली खूण एफ्. रितोस्सा यांना १९६२ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्रांत दिसली. सु. ४२° ते ४४° से. तापमान डीएनएची प्रत करीत असलेल्या व अम्ल परिसरातील कोशिकांना विशेष मारक असते, म्हणजे प्रारणाला प्रतिरोध करणाऱ्या कोशिकाच उष्णतेने मरतात. शिवाय उष्णतेमुळे डीएनएच्या दुरुस्तीत अडथळा येतो. म्हणून काही ठिकाणी दोन्ही उपचार एकत्र देतात. मात्र एकदा तापलेल्या कोशिका काही काळ उष्णतेला सरावतात. त्यामुळे रोज उष्णता देणे निरुपयोगी ठरते.

प्रारण न लागलेल्या शेजारच्या कोशिकांवरही परिणाम होतो. १९९२ मध्ये एच्. नागासावा व जे. बी. लिटल यांना असे आढळले की, एक टक्क्याहून कमी कोशिकांतून आल्फा कण गेले असताना सु. ३० टक्के कोशिकांच्या गुणसूत्रांत बदल झाले होते. क्वचित एका जागी दिलेल्या प्रारणामुळे दूरच्या जागचे अर्बुदही लहान होते. मेलेल्या कोशिकांमुळे जागृत झालेली प्रतिरक्षा यंत्रणा (रोगप्रतिकारक यंत्रणा) याला कारणीभूत असावी, असे मानतात.

चिकित्सेतील उपयोग : प्रतिसादाच्या ज्ञानाचा उपयोग अनेक प्रकारे होतो. सिसप्लॅटिन हे औषध डीएनएच्या दुरुस्तीत व्यत्यय आणते. १९९९ पासून गर्भाशय-ग्रीवेच्या वाढलेल्या कर्करोगात ते प्रारणाबरोबर दर आठवड्याला देण्याचा प्रघात पडला. बीआरसीए जीन सदोष असलेल्या कर्ककोशिकांचा एक दुरुस्तीमार्ग आधीच बंद असतो. पीएआरपी या एंझाइमाला रोधणाऱ्या औषधाने पर्यायी मार्गही बंद केल्यास त्या मरतात व निरोगी कोशिका तगतात. असे पहिले औषध २०१४ मध्ये मान्य झाले. कार्बन आयनांसारखे जड कण डीएनएला एकाच जागी दाट व गुंतागुंतीची इजा करतात. ती दुरुस्त होणे अवघड असते व ऑक्सिजनाच्या अभावाचे संरक्षणही तिच्यापुढे कमी पडते. जपानमधील चिबा येथे १९९४ पासून अशा आयनांचा उपचारासाठी वापर होत आहे.

भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्ट-६० वर चालणारे ‘भाभाट्रॉन’ हे उपचारयंत्र विकसित केले आहे. मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाशी संलग्न असलेल्या खारघर (नवी मुंबई) येथील केंद्रात कर्करोगाविषयीचे संशोधन चालते व तेथील प्रोटॉन-उपचार सुविधा २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

मर्यादा : दुरुस्ती चुकली व तरीही कोशिका जगली, तर उत्परिवर्तन मागे राहते. क्ष-किरणांमुळे उत्परिवर्तने होतात, हे एच्. जे. म्युलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर सिद्ध केले होते. हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबाँब स्फोटांतून (१९४५) वाचलेल्या व्यक्तींत पुढे रक्तार्बुद व इतर कर्करोग अधिक प्रमाणात आढळले. उपचाराने बरे झालेल्या काही रुग्णांतही, विशेषतः बालवयात उपचार झालेल्यांत, अनेक वर्षांनंतर दुसरा कर्करोग उद्‌भवतो. कर्करोग मारणारे व कर्करोग निर्माण करणारे प्रारण एकच असते; कोशिका मरते, सावरते की चुकीची सावरते यावर फळ अवलंबून असते.

एखाद्या रुग्णाचे अर्बुद प्रारणाला किती दाद देईल, हे कोशिकांच्या तपासणीवरून उपचारापूर्वी खात्रीपूर्वक सांगणारी कसोटी दैनंदिन व्यवहारात अजून आलेली नाही. मात्रा ठरविताना कर्करोगाचा प्रकार, त्याची अवस्था व आसपासच्या निरोगी ऊतकांची सहनशक्ती यांचाच मुख्यत्वे आधार घेतला जातो. प्रत्येक अर्बुदातील दुरुस्ती, ऑक्सिजन-पुरवठा व वाढीचा वेग मोजून त्यानुसार मात्रा व जोडीची औषधे निवडता यावीत, या दिशेने सध्याचे संशोधन चालू आहे.